मॅस्टोडॉनवर आपल्यासारखी माणसं का टिकत नाहीत?

कृष्णाकाठची

बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलेच.

सांगलीत आमचा एक वाचनकट्टा आहे, ३४ जण, त्यात बायका जास्त. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, एरवी सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मस्कने ट्विटर घेतलं आणि जो तो मॅस्टोडॉन ह्या ट्विटरसारख्याच दुसऱ्या नेटवर्कचं नाव घ्यायला लागला तेव्हा भाच्याने मला ते दाखवलं, आणि मला ते मनापासून आवडलं. एक मालक नाही, जाहिराती नाहीत, आपण काय वाचतो त्याचा हिशोब ठेवून कुणाला विकत नाहीत, आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरची, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या ठिकाणची, माणसं एकमेकांशी बोलू शकतात, जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवतो तसं. म्हटलं आपला कट्टा इथेच आणायचा.

पहिला प्रयोग आमच्या एका काकूंवर केला. वय ६७, निवृत्त शिक्षिका, वाचन माझ्या तिप्पट. त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून अ‍ॅप उघडलं तर पहिलाच पडदा "सर्व्हर निवडा". खाली लांबलचक यादी, एक लिनक्सवाल्यांचा, एक गेमवाल्यांचा, एक चित्रकारांचा, एक कुठल्या जर्मन शहराचा. काकू चष्मा वर सरकवून एकेक वाचत गेल्या, बराच वेळ वाचल्या, आणि मग म्हणाल्या, "ह्यात आपलं कुठलं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी पुस्तकप्रेमींचा म्हणून एक निवडला तर तिथे एक रकाना, तुम्हाला इथे का यायचंय ते लिहा, मग आम्ही बघून मंजूर करू. काकू म्हणाल्या, "म्हणजे ते वाचणार आणि मग मला घ्यायचं का नाही ते ठरवणार?" इंग्रजीत दोन ओळी मीच लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी मंजुरीची मेल आली. काकूंनी एका पुस्तकावर १२ ओळी लिहिल्या, सुंदर लिहिल्या होत्या, त्याला उत्तर फक्त माझं. आठ दिवसांनी त्याच १२ ओळी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या, संध्याकाळपर्यंत ११ जणींनी लिहिलं होतं. काकू परत तिकडे गेल्या नाहीत आणि मी आग्रह केला नाही.

आता माझा प्रश्न. कुठेही विचारलं की लोक म्हणतात हे अवघड आहे, सामान्य माणसाला झेपत नाही. मला हे पटत नाही हो. ह्याच काकू सकाळी १० च्या ठोक्याला तत्काळ तिकीट काढतात, यूपीआय करतात, नातवाच्या शाळेचं अ‍ॅप वापरतात. अवघड गोष्ट माणूस शिकतो, पलीकडे काहीतरी असेल तर. मग ही नेटवर्कं इतकी वर्षं झाली तरी युरोप-अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्यांचीच का वाटतात? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय किंवा चालवलंय त्यांनी सांगा.

---

सर्व्हरवाला_पुणे

ताई, मी चालवलाय. मॅस्टोडॉनचा एक छोटा सर्व्हर, मराठी लोकांसाठी म्हणूनच काढलेला, दोन वर्षं. १८० खाती होती, त्यातली नियमित लिहिणारी २५ धरा.

काकूंना उत्तर का आलं नाही ते आधी सांगतो कारण ते कुणी समजावून सांगत नाही. मॅस्टोडॉनवर तुमच्या सर्व्हरला सगळं जग दिसत नसतं. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीतरी बाहेरच्या ज्या माणसाला फॉलो केलंय, साधारण त्याच्याच पोस्ट तिथे येऊन पडतात. म्हणजे हजारो इंग्रजी-जर्मन लोक असलेल्या सर्व्हरवर इंग्रजी-जर्मन सगळं आपोआप भरलेलं असतं, कुणी ना कुणी फॉलो केलेलं असतंच. पण मराठीत लिहिणारा दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरवर बसला असेल तर त्याला पहिल्यांदा शोधणार कोण? काकूच. आणि शोधायचं कसं, तर मराठी हॅशटॅग टाकला तरी त्या सर्व्हरपर्यंत जेवढं आधीच पोचलंय तेवढंच दिसणार, म्हणजे काहीच नाही. शब्द टाकून पोस्ट शोधायची नीट सोय तर सप्टेंबर २०२३ मध्ये आली, ४.२ व्हर्जनला, आणि तीही ज्याने आपल्या पोस्ट शोधात दिसू दे अशी परवानगी दिलीय त्याच्यापुरती. तोपर्यंत मुद्दामच ठेवली नव्हती, कारण शब्द शोधून शोधून लोकांच्या मागे लागणारी टोळकी ट्विटरवर फार होती. हेतू चांगला होता. पण त्याचा फटका कुणाला बसला, तर जे थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत त्यांना. कदाचित त्याच आठवड्यात चार मराठी माणसं दुसरीकडे पुस्तकांवरच लिहीत असतील आणि काकूंना त्यांचा पत्ताच नसेल.

आता चालवणाऱ्याची बाजू. सुरुवातीला महिना २२०० रुपये यायचे, दहा महिन्यांत ४१०० वर गेले, आणि माणसं तेवढीच! कारण आपली लोकं बाहेरच्या ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओ आपल्या डिस्कवर कॉपी होऊन बसतात, जुने पुसत राहावे लागतात. पैशाचं सोडा, ते मी केलं असतं. एका रात्री पावणेदोनला रिपोर्ट आला, आमच्याच दोन सदस्यांचं भांडण, त्याने तिच्या घरचा पत्ता टाकला होता. ती फोनवर रडत होती, मी लॅपटॉप उघडून पोस्ट काढली, पण तोवर ती बाहेरच्या किती सर्व्हरवर पोचली ते मला कळायला मार्ग नव्हता. काढून टाकल्याचा निरोप सगळीकडे जातो पण समोरच्याने तो पाळलाच पाहिजे असं नाही. त्यानंतर मी रात्री फोन सायलेंटवर ठेवू शकलो नाही.

आणि आपल्याकडे २०२१ चे आयटी नियम आहेत. ५० लाखांच्या वर सदस्य असलेल्या मोठ्या कंपन्यांना त्यात जास्तीच्या अटी आहेत हे खरं, पण तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर लावणं हे छोट्यालाही सुटलेलं नाही. कंपनीत ह्यासाठी डिपार्टमेंट असतं, आमच्याकडे मी. माझं नाव आणि नंबर लावला त्या दिवशी बायकोने विचारलं, कुणी काही लिहिलं तर पोलीस आपल्या घरी येणार का. मला खात्रीने नाही म्हणता आलं नाही.

शेवटी तीन महिने आधी सांगून बंद केला. फॉलोअर नव्या सर्व्हरवर नेता येतात, पोस्ट नेता येत नाहीत. एक मुलगी दोन वर्षं रोज एक कविता टाकत होती. तिला फाइल काढून दिली, पण ती नव्या ठिकाणी चढवायची सोय नाही, म्हणजे कविता आहेत पण त्याखालची सगळी बोलणी गेली. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

---

निळी_शाई

मी २०१९ च्या त्या लाटेतला. ऑक्टोबरच्या शेवटी सुप्रीम कोर्टाचे वकील संजय हेगडे ह्यांचं खातं ट्विटरने बंद केलं होतं, १९३६ मधल्या हँबर्गच्या गोदीत सगळे नाझी सॅल्यूट करताना एकटा हाताची घडी घालून उभा असलेल्या माणसाचा फोटो त्यांनी लावला होता म्हणून. त्याच सुमारास ब्लू टिक कुणाला मिळते आणि कुणाला नाही ह्यावरून जातीचा प्रश्न आमच्या लोकांनी लावून धरला होता, हॅशटॅग ट्रेंड होत होते. मग एकदम भारतातून मोठी गर्दी मॅस्टोडॉनवर गेली, त्यात आम्ही मित्र १५-१६ जण होतो, सगळ्यांनी दोन दिवसांत खाती काढली. जानेवारीपर्यंत एक उरला, आता तोही नाही.

का उरलो नाही ते सांगतो. ट्विटरवर आमचं लिहिणं चालायचं कसं, तर पेपरची बातमी किंवा कुणा मोठ्या माणसाचं वाक्य समोर ठेवून त्यावर आपलं म्हणणं मांडायचं. ती कोट करायची सोय मॅस्टोडॉनमध्ये नव्हती, मॅस्टोडॉन सुरू करणारे ऑयगेन रोख्को ह्यांनी ती ठरवून ठेवली नव्हती, त्याने लोक एकमेकांची टर उडवतात म्हणून. ज्याला शांतपणे छंदावर बोलायचंय त्याच्यासाठी ते बरोबर असेल. पण ज्याच्याकडे पेपर नाही चॅनल नाही त्याला मोठ्या माणसाला चारचौघांत उत्तर द्यायची तीच एक जागा होती. कोट पोस्ट करायची सोय शेवटी २०२५ मध्ये आली. सहा वर्षं उशीर झाला आमच्यासाठी.

दुसरं, ६ डिसेंबर. दादरला चैत्यभूमीवर जे जातात त्यांना माहीत आहे शिवाजी पार्कला पुस्तकांचे स्टॉल कसे लागतात, माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन गावाकडे जातात. मी त्याचे फोटो टाकले, खाली मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. एका परदेशी माणसाने अगदी नम्रपणे सांगितलं की हे राजकीय आहे, ह्याच्यावर कंटेंट वॉर्निंग लाव म्हणजे ज्यांना नको असेल त्यांना दिसणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. पण मी पुस्तकं विकत घेणाऱ्या माणसांचा फोटो झाकून ठेवायचा? आमचं जगणंच जर झाकून ठेवायची गोष्ट असेल तर आम्ही तिथे बोलायचं काय?

आणि तिसरं सगळ्यात वाईट. एकाने माझ्या पोस्टखाली मराठीत जातीवरून शिवी दिली, मी रिपोर्ट केला. सर्व्हर युरोपातला. मॉडरेटरने, म्हणजे तिथल्या तक्रारी बघणाऱ्याने, मशीन ट्रान्सलेशन करून बघितलं असणार, उत्तर आलं की आम्हाला ह्यात नियमभंग दिसत नाही. त्या शब्दाचा साधा अर्थ एका व्यवसायाचं नाव आहे, मशीनला तेवढंच कळणार. मी समजावून लिहायला घेतलं, अर्धं लिहिलं आणि थांबलो. आपल्याला दिलेल्या शिवीची फोड करून परक्या माणसाला इंग्रजीत समजावायची, ह्याच्यात किती थकायला होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल.

सर्व्हरवाला दादा, तुमचा सर्व्हर तेव्हा मला माहीत असता तर आलो असतो.

---

योकोहामाकर

मी अकरा वर्षं जपानात आहे, इकडचं थोडं वेगळं चित्र म्हणून सांगतो.

"सॉफ्टवेअरवाल्या गोऱ्यांचं" हे पूर्ण खरं नाही. एप्रिल २०१७ मध्ये मॅस्टोडॉन जपानमध्ये अचानक पसरलं. पिक्सिव्ह नावाची कंपनी आहे, चित्रकारांची मोठी साइट चालवते, त्यांनी पावू नावाचा सर्व्हर काढला, एका विद्यार्थ्याने आणखी एक काढला, आणि थोड्याच दिवसांत जगातले सगळ्यात मोठे मॅस्टोडॉन सर्व्हर जपानी होते. म्हणजे विकेंद्रित आहे, एक मालक नाही, म्हणून लोक येत नाहीत असं नाही. इथे भाषा आपली, चालवणारे आपले, आणि चित्रकार मंडळी आधीपासून एकमेकांना ओळखणारी. ताई म्हणतात तसं पलीकडे काहीतरी होतं.

पण मग झालं काय, की काही प्रकारची चित्रं जपानच्या कायद्यात चालतात आणि युरोपातल्या बऱ्याच देशांच्या कायद्यात गुन्हा ठरू शकतात. परदेशी फोटो-चित्रं आपल्या डिस्कवर कॉपी होतात हे वर आलंच आहे, त्यामुळे तिकडच्या चालकांना खरोखर धोका होता, त्यांनी पावू ब्लॉक केला. त्या चित्रांच्या बाबतीत माझं मत युरोपवाल्यांच्या बाजूचं आहे हे स्पष्ट सांगतो. पण त्या सर्व्हरवर फुलं आणि मांजरी काढणारेही होते, तेही त्यात गेले. मग इकडच्यांनी आपलाच मार्ग धरला, मिस्की नावाचं इथलं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, २०१४ पासूनचं, आज माझे जपानी सहकारी तिथेच असतात. ते आणि मॅस्टोडॉनवाले एकमेकांशी बोलू शकतात, पण फारसे बोलत नाहीत. तेव्हा सगळे एकाच अंगणात येतील ही अपेक्षा मी तरी सोडलीय.

---

खामगावकर

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. एवढं सगळं खरं असेल पण माझ्या घरात, गल्लीत, ऑफिसात कुणालाच मालक कोण आहे ह्याने फरक पडत नाही. आमच्याकडे २०१६ ला जिओ आलं आणि तेव्हाच लोकांनी पहिल्यांदा नेट पाहिलं, फोनमध्ये जे आधीच होतं तेच त्यांचं नेट. माझ्या मोठ्या भावाला ब्राउझर वेगळा असतो हे माहीत नाही, त्याला विकेंद्रित कुठून सांगू? आणि भाषा भाषा म्हणता तर कू नावाचं ट्विटरसारखं अ‍ॅप होतं ना. मराठी होतं, हिंदी होतं, कन्नड होतं, पूर्ण देशी. २०२१ मध्ये मंत्र्यांनी खाती काढली, टीव्हीवर चर्चा झाली, आणि जुलै २०२४ मध्ये बंद. मी होतो त्याच्यावर, शेतीवर लिहायचो, कपाशीच्या बोंडअळीवर फोटो टाकायचो. ते गेलं तर माझं लिहिलेलंही गेलं.

---

कृष्णाकाठची

खामगावकर दादा, राग कशाला मानू, पण तुम्ही शेवटी जे सांगितलंत ना तेच तर मी म्हणतेय. कू एका कंपनीचं होतं, पैसे संपले, तुमची बोंडअळी गेली. मालक कोण ह्याने फरक पडतोच, फक्त तो बंद पडायच्या दिवशी दिसतो. पण इकडे सर्व्हरवाल्यांनी बंद केला तेव्हाही त्या मुलीच्या कवितांखालची बोलणी गेली, हे वाचून मी खरंच गप्प झाले. मग दोन्हीकडे जाणारच असेल तर मी काकूंना काय सांगू?

निळी शाई, तुमचं वाचून पोटात कालवलं. ६ डिसेंबरचे ते फोटो इथे टाकाल का, मला बघायचेत.

---

सुषमा_न्यूजर्सी

मी उशिरा आले, पण निळी शाईंनी जे लिहिलंय ना तेच इथे अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकांच्या बाबतीत जवळपास शब्द न बदलता घडलं म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. २०२२ च्या शेवटी दोन महिन्यांत मॅस्टोडॉनवर महिन्याला येणारी माणसं तीन लाखांवरून २५ लाखांवर गेली होती, त्यात माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण होती. तिने कामाच्या ठिकाणी येणाऱ्या वंशभेदाबद्दल लिहिलं की लगेच कुणीतरी सांगायचं, वॉर्निंग लाव. चार महिन्यांत तिने सोडलं.

आणि एक गोष्ट तिने मला स्वतःच्या फोनवर दाखवली ती मी विसरत नाही. तिच्या पोस्टखाली तिला नऊ घाणेरडी उत्तरं दिसत होती. तीच पोस्ट मी माझ्या खात्यावरून उघडली, मी दुसऱ्या सर्व्हरवर, मला दोनच दिसत होती आणि दोन्ही साधी. कारण उत्तरं ज्याला दिलीत त्याच्या सर्व्हरवर जातात, इतरांच्या सर्व्हरवर सगळी पोचतीलच असं नाही. म्हणजे ती त्रासात होती आणि तिच्या बाजूने बोलायला जे आले असते त्यांना काही घडतंय हेच दिसत नव्हतं! वरून तिलाच विचारत होते, कुठे आहे त्रास, इथे तर सगळे छान बोलतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे मुद्दाम केलेलं नाही, पण ज्यांनी बनवलं त्यांना असा त्रास रोजचा नसल्यामुळे हे आधी कुणाच्या डोळ्यात आलं नाही असं मला वाटतं.

ब्लूस्काय नावाच्या अशाच दुसऱ्या नेटवर्कबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. तिथेही सुरुवात चांगली नव्हती, २०२३ मध्ये वंशद्वेषी शिवी असलेली खात्यांची नावं सिस्टीमने चालू दिली आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. पण तिथे रूडी फ्रेझर नावाच्या गृहस्थांनी ब्लॅकस्काय काढलं, आधी नुसती एक फीड, जिच्यात कृष्णवर्णीय लोकांच्या पोस्ट एकत्र दिसतात, मग त्यावर स्वतःचं मॉडरेशन, मग स्वतःचे सर्व्हर. कुणाची शिवी काय आहे हे ठरवणारे त्यांचेच लोक. माझी मैत्रीण आता तिथे आहे आणि रोज लिहिते. ब्लूस्काय अजून मुख्यतः एकाच कंपनीच्या जिवावर चालतं हे मात्र धरून चाला.

आणि ब्राझीलचं बघा. ३० ऑगस्ट २०२४ ला तिथल्या कोर्टाने एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, बंद करायला लावलं, काही दिवसांतच वीस लाखांहून जास्त माणसं ब्लूस्कायवर आली, बहुतेक पोर्तुगीज बोलणारी. त्यांना "ह्यात आपलं कुठलं" विचारावं लागलं नाही, कारण शेजारचा, ऑफिसातला, फुटबॉलवर भांडणारा, सगळे त्याच आठवड्यात आले. काकूंना तुम्ही एकटीला नेलंत ताई, तेच जड गेलं.

---

सर्व्हरवाला_पुणे

सुषमाताईंचं शेवटचं वाक्य शंभर टक्के. माझ्याही सर्व्हरवर जे २५ टिकले त्यातले १४ एकाच ट्रेकिंग ग्रुपचे होते, एकत्र आले, एकत्र राहिले. एकेकटे आलेले बहुतेक गेले. मी त्यांच्या स्वागताची पोस्ट टाकायचो, दोन-तीन लोकांची नावं सुचवायचो, पण तेवढ्याने भागत नाही.

कृष्णाकाठच्या ताई, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. जाणार नाही अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पण बॅकअप तुमच्या हातात असेल आणि सर्व्हर तुमच्या नावाच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या पत्त्यावर, असेल तर चालवणारा बदलला तरी घर तेच राहतं. माझी चूक तीच झाली, सगळं माझ्या एकट्याच्या नावावर होतं. चौघांच्या नावावर असतं तर मी बाजूला झालो असतो आणि सर्व्हर चालू राहिला असता. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून आहे, चालवणारे मराठी, भांडणं सोडवणारे मराठी, एवढी वर्षं टिकली ना.

३४ जण एकदम येणार असतील तर यंत्राची बाजू मी बघतो, पैसे घेणार नाही. पण रात्री पावणेदोनचा रिपोर्ट मी एकट्याने घेणार नाही, ते आता माझ्याच्याने होणार नाही.

---

कृष्णाकाठची

काल कट्टा होता, सगळं वाचून दाखवलं, निळी शाईंचं तर दोनदा. १९ जण हो म्हणाले, बाकीचे बघू म्हणाले. नोंदणीत इंग्रजी रकाना नको आणि पहिला पडदा मराठीत हवा, एवढ्या दोन अटी.

काकूंना मी विचारलंच नव्हतं, मागचं आठवून. त्याच म्हणाल्या, तक्रारी मी वाचीन, ३१ वर्षं सातवी-आठवीचे वर्ग सांभाळलेत, आणि म्हातारपणी झोप नसतेच, पावणेदोनला मी जागीच असते. त्यांच्या जोडीला आणखी दोघी तयार झाल्या, एक वकील आहे, ती तक्रार अधिकाऱ्याचं कायद्याचं बघून सांगते म्हणाली. काकूंनी एवढंच विचारलं की जातीवरून दिलेल्या शिव्या सगळ्या आपल्यालाही माहीत नसतात, तर निळी शाई त्यात मदत करतील का. दादा, तुम्हीच सांगा, जड वाटत असेल तर नाही म्हणालात तरी चालेल.

सर्व्हरवाले दादा, रविवारी ११ ला फोन करते. १९ जणांसाठी महिन्याला किती येईल आणि बाहेरचे फोटो किती दिवस ठेवायचे ह्याचा अंदाज काढून ठेवाल का? वर्गणी प्रत्येकी ५० धरलीय आम्ही.

---

निळी_शाई

काकूंना सांगा, हो. मला मेसेज करा. दादरचे फोटो आज रात्री टाकतो.